देवाच्या घोड्याचा जेरबंद

मामू कोणाच्याही दारात आले की आधी खोकत. तो खोकला आजाराचा नव्हता. दाराच्या डाव्या अंगाला, दोन हात अंतर राखून ते उभे राहत, घसा साफ करीत आणि मग आपले येणे जाहीर करीत, "मामू हाय, गुरुजी. येऊन राहिलो." मी समोरच ओटीवर बसलेलो असलो, दोघांची दृष्टादृष्ट झालेली असली, तरी या क्रमात कधी खंड पडला नाही. एकदा मी हसून म्हणालो, "मामू, मी काय लाथ मारणार आहे का?" त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "घोडा बी आधी सांगत न्हाई, गुरुजी."

मामू आमच्या देवस्थानचे चाबुकस्वार होते. घोड्याला शिकवून वळण लावणाऱ्या माणसाला आपल्याकडे हा शब्द फार पूर्वीपासून आहे. आता तो आडनावापुरता उरला. मूळचे ते औशाचे. घरात तीन पिढ्या घोड्यांच्या. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावी खंडोबाचे ठाणे आहे आणि देवाला घोडा आहे. त्या घोड्याची देखभाल मुसलमान घराण्याकडे असणे ही आमच्याकडची जुनी रीत. मामूंच्या तोंडी खंडोबाचे नाव 'मल्लूखान' असे, आणि ते नाव घेताना त्यांचा हात आपोआप छातीकडे जाई. नांदेडला पस्तीस वर्षे संस्कृत शिकवून मी गावी परतलो, तेव्हा देवळाच्या मागच्या पागेत ते घोड्याला खरारा करीत बसलेले मला प्रथम दिसले.

देवाच्या घोड्यावर माणूस बसत नाही. चंपाषष्ठीला खोगिरावर देवाची पगडी ठेवतात, तिच्यावर भंडारा उधळतात आणि ती रिकामी, पण भक्तांच्या दृष्टीने भरलेली पाठ गावाला प्रदक्षिणा घालते. या प्रथेत जे पावित्र्य आहे ते मला पहिल्यापासून जाणवत होते. तिच्यात जो धोका आहे तो मामूंनी दाखवला. माळेगावच्या यात्रेतून आणलेला तो पांढरा घोडा उंचीने आणि छातीने जबर होता. गावातले प्रत्येक घर त्याला हरभरा आणि गूळ नैवेद्य म्हणून आणी. "खायाला अख्खं गाव, आन् कामाला काईच न्हाई," मामू म्हणत. "अशानं घोडा बिघडतो, गुरुजी. माणूस बी."

म्हणून रोज सकाळी ते त्याला देवळामागच्या मोकळ्या रानात काव्यावर धरीत. काव्यावर धरणे म्हणजे लांब दोरावर घोड्याला गोल फिरवणे. मध्ये मामू, हातात दोर, दुसऱ्या हातात लांब चाबूक, आणि भोवती ते पांढरे वादळ. तीन वर्षांत त्या चाबकाचा वळ मी घोड्याच्या अंगावर पाहिला नाही. "चाबूक म्हंजे हाताची लांबी हाय," ते सांगत, "राग न्हाई. राग आला की मी चाबूक खाली ठेवतो आन् बिडी वढतो." गाव त्याला देवाचा घोडा म्हणे, मामू एकटे त्याला 'नवाब' म्हणत. "काम करीना, खातो लई, आन् सगळे सलाम करून राहिले. मंग दुसरं काय म्हणावं?"

नवाब आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडात काटेरी लगाम होता. आतल्या बाजूने दाते काढलेले लोखंड. ओढले की जीभ आणि जबडा फाटतो, आणि विकणारा सांगतो की पाहा, कसा शांत उभा आहे. मामूंनी तो लगाम काढला, घोड्याच्या ओठांवरचे रक्त आपल्या गमछ्याने पुसले, आणि ते लोखंड देवळाच्या पडक्या विहिरीत टाकले. सहा आठवडे त्यांनी त्याच्या तोंडाला लोखंड लावले नाही. नुसत्या मोहरकीवर, तोंडाबाहेरून बांधलेल्या दोरावर, चालवले. मग गुळगुळीत कडीचा लगाम आणला, त्याला गूळ चोळला, आणि घोड्याने तो आपण होऊन तोंडात घ्यावा म्हणून एक सकाळ खर्च केली. विश्वस्तांपैकी कोणीतरी म्हणाले, "मामू, चंपाषष्ठीपर्यंत व्हईल का हे?" मामू म्हणाले, "तोंड फाटलं म्हणून घोडा थांबत न्हाई, मालक. तोंड फाटलं की तो पळतो."

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटे नव्हती. तरुणपणी घोडा उसळला तेव्हा दोर हाताभोवती गुंडाळलेला होता, एवढेच ते सांगत. पण पागेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला पाठ तोच असे. मलाही त्यांनी तो दिला. दोर माझ्या हातात देऊन त्याच्या घड्या तळहातावर एकीवर एक कशा ठेवायच्या ते दाखवले. "घडी ठेवा, विळखा नको. घोड्यानं हिसका दिला तर घड्या आपोआप सुटत्यात. विळखा सुटत न्हाई. दोर गुंडाळला की घोडा तुमचा ऱ्हात न्हाई, तुमी घोड्याचे व्हता." सत्तरीच्या वयात मी विद्यार्थी झालो होतो, आणि गुरू दोन बोटांची दक्षिणा आधीच देऊन बसलेले होते.

तंग बांधण्याची त्यांची रीतही मला आवडे. खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळताना घोडा श्वास भरून पोट फुगवतो. मग आपण समजतो की पट्टा घट्ट बसला. मामू एकदा बांधीत, दहा पावले चालवीत आणि पुन्हा आवळीत. देवस्थानला नवे अध्यक्ष आले, लातूरच्या आडतीवरचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना अप्पा म्हणत. पहिल्याच सभेत ते तासभर बोलले. मी मामूंना विचारले, "कसे वाटले अप्पा?" मामू म्हणाले, "आज पोट फुगवून आलेत. दहा पावलं चालू द्या."

अप्पा वाईट मनुष्य नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. देवावर त्यांची निष्ठा माझ्याइतकीच, कदाचित अधिक होती.

आता जेरबंदाविषयी. खोगिराच्या तंगापासून निघून पुढच्या दोन पायांमधून वर येणारा आणि घोड्याच्या तोंडाजवळच्या पट्ट्याला जोडलेला तो कातड्याचा बंद. घोड्याने मान एका मर्यादेपलीकडे उंच फेकू नये, एवढेच त्याचे काम. "डोकं वर गेलं की अंग वर जातं," मामू म्हणत. पण तो आवळलेला त्यांना खपत नसे. पट्टा मधोमध उचलून घोड्याच्या गळ्याला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर जनावर कोंडले गेले. फार लोंबत असेल तर पाय अडकेल. हे माप ते रोज घेत, कालच घेतलेले असले तरी.

मी एकदा त्यांना आपल्या परंपरेतली जुनी उपमा सांगितली, की इंद्रिये हे घोडे आणि मन हा लगाम. आयुष्यभर मी ती शिकवली होती, प्रत्यक्ष लगाम एकदाही हातात न धरता. मामूंनी फार आदराने ऐकले. मग म्हणाले, "मनाचा लगाम, बराबर हाय. मंग जेरबंद कशाचा?"

मी म्हणालो, "लगाम असताना जेरबंद कशाला?"

"लगाम हातात ऱ्हातो, गुरुजी. हात आपला हाय. कधी थकतो, कधी भितो, कधी दुसरीकडं बघतो. जेरबंद हाताच्या भरोशावर ऱ्हात न्हाई."

 

गेल्या वर्षी अप्पांचा नातू मोठ्या दुखण्यातून उठला. त्यांनी देवाला नवस केला होता. तो फेडण्यासाठी घोड्याला छातीवर शोभणारा चांदीचा साज करून आणला. घुंगरांच्या ओळी, मध्ये सूर्य, बाजूला मल्हाराच्या तलवारी. काम खरोखर देखणे होते. पण घोड्यावर चढवून पाहिला तेव्हा सूर्याच्या बरोबर मधून मामूंचा काळा, तेलकट, कातड्याचा जेरबंद गेलेला. अप्पांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, देवाच्या घोड्याच्या छातीवर कातडं? शास्त्राला चालतं का हे?"

मी निर्णय दिला. किती वेळ विचार केला म्हणाल, तर खांद्यावरचे उपरणे सारखे करण्याइतका. देवाच्या वाहनाला दर्शनी भागी चर्मबंध योग्य नव्हे, असे मी म्हणालो. खोगीर कातड्याचेच होते; त्यावर मखमल होती म्हणून ते मला दिसले नाही. तपस्वी मृगाजिनावर बसत, हेही मला आठवले नाही. विचारणाऱ्याला जे हवे होते ते मी शास्त्राच्या स्वरात त्याच्या हाती दिले.

त्या दुपारी मामू माझ्या दारी आले. खोकले, उभे राहिले, आणि बसा म्हटले तरी बसले नाहीत. "गुरुजी, तुमचं शास्त्र खरं. पर ते नवाबाला ठावं हाय का?"

मग त्यांनीच वाट काढली. "कातडं नको ना? मी नवारीचा करतो. सुती. खाटेची पट्टी. तेवढी तरी ऱ्हाऊ द्या."

"चालेल," मी म्हणालो, आणि मला हायसे वाटले. त्यांनी आठ दिवस बसून नवार दुहेरी शिवली, हळदीत भिजवून पिवळी केली, म्हणजे भंडाऱ्यात मिसळून जाईल. माप घेताना मी तेथे होतो. पट्टा उचलला, गळ्याला टेकवला. "आता तुमचा देव बी खुश, माझा मल्लूखान बी खुश," ते म्हणाले. मी म्हणालो, "एकच आहेत ते." "म्हणून तर म्हणलं," मामू म्हणाले.

चंपाषष्ठीला सकाळी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पगडी खोगिरावर ठेवली. मी पाठ सुरू केला. त्या पाठाचा नियम असा की आरंभ केल्यावर समाप्तीपर्यंत मध्ये लौकिक शब्द उच्चारायचा नाही. माझ्या गुरूंनी तो मला लहानपणी घालून दिला होता आणि साठ वर्षांत मी तो मोडला नव्हता. मामू घोड्याच्या डाव्या खांद्याशी दोर धरून उभे होते. घडी होती, विळखा नव्हता.

अप्पा साजाजवळ आले. पिवळी नवार चांदीच्या सूर्यावरून जात होतीच. त्यांनी हात जोडून मामूंना म्हटले, "मामू, आजचा दिवस. नातवाचा नवस हाय. देवाला साज दिसू द्या. प्रदक्षिणा झाली की पुन्हा बांधा."

"न्हाई अप्पा. तेवढं सांगू नका," मामू म्हणाले.

"गुरुजींनीच सांगितलंय बंधन नको म्हणून. व्हय ना, गुरुजी?"

मी कातड्याविषयी बोललो होतो, बंधनाविषयी नव्हे. अप्पांनी दोन्ही एक केले होते, आणि तेही लबाडीने नव्हे. मामूंनी माझ्याकडे पाहिले. एक 'नाही' पुरे होते. मान हलवली असती तरी चालले असते. नियम शब्दाचा होता, मानेचा नव्हता. मी पुढची ओळ म्हटली.

मामूंनी स्वतःच्या हाताने गाठ सोडली. नवार नीट गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

देवळापासून वेशीपर्यंतची गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना भिंती, आणि वळणावर बायका आरतीची ताटे घेऊन उभ्या असतात, लेकरे कडेवर. हलगी वाजत होती. तिची नवाबाला सवय होती. मग कोणीतरी मागून फटाक्यांची माळ पेटवली. घोड्याने मान फेकली. ती अडवायला काही नव्हते. कपाळ मामूंच्या तोंडावर आदळले, आणि पांढरे अंग मागच्या दोन पायांवर उभे राहिले. दोराच्या घड्या त्यांच्या तळहातातून सुटू लागल्या, जशा सुटाव्यात तशाच. त्यांना बाजूला होता आले असते. ते रक्ताळलेल्या तोंडाने वळले, वळणाकडे पाहिले, त्या बायकांकडे पाहिले. आणि मग मी जे पाहिले ते त्या गर्दीत किती जणांना समजले, ठाऊक नाही. मामूंनी उरलेला दोर तीन बोटांच्या हाताने मनगटाभोवती एकदा, दोनदा, तीनदा गुंडाळला आणि सगळ्या देहाचे वजन त्यावर टाकले.

घोड्याने त्यांना भिंतीपर्यंत फरफटत नेले. भिंतीपाशी घोडा पडला, मामू त्याच्याखाली. वळणावरचे एक ताटसुद्धा सांडले नाही.

नांदेडच्या रुग्णालयात ते तीन दिवस होते. छाती चेपलेली, बोलणे एकेका शब्दाचे. दुसऱ्या दिवशी मला आत सोडले. मी त्यांच्या डाव्या बाजूस उभा राहिलो आणि म्हणालो, "मामू, चूक माझी झाली."

मला वाटले होते ते म्हणतील, नशीब होते, किंवा मल्लूखानाची मर्जी. दुसऱ्याचे मन राखण्यात ते फार हळवे होते. पण त्यांनी डोळे उघडले, मला पुरते पाहून घेतले, आणि म्हणाले, "हाव. झाली."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नवाबाला मारू नका." त्यानंतर माझ्याशी ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. दफन औशाला झाले.

गावात त्यांच्या मरणाआधीच एक चित्रफीत फोनाफोनी पोचली होती. कोणीतरी गच्चीवरून काढलेली. तिचा आरंभ घोडा उभा राहतो तेथून. नवार सुटताना त्यात दिसत नाही, माझा चेहरा दिसत नाही. दिसतो तो दोर गुंडाळणारा हात. हॉटेलात, पारावर, बसथांब्यावर लोक ती थांबवून थांबवून पाहत. "हे बघा, इथं. दोर गुंडाळला. दुसऱ्याला शिकवायचा आन् सोता इसरला." "वय झालं व्हतं, दुसरं काय?" विश्वस्तांच्या सभेतही हेच नोंदले गेले, की हाताळणाऱ्याच्या चुकीने अपघात झाला. मी उठलो आणि घडले ते क्रमाने सांगितले. माझा निर्णय, माझे मौन, दोन्ही. सगळ्यांनी फार आदराने ऐकले. अप्पा रडले. मग कोणीतरी म्हणाले, "गुरुजींनी मनाला लई लावून घेतलंय," आणि पुढचा विषय निघाला. नोंद तशीच राहिली. घोडा महिन्याभरात विकला गेला. कोणाला, कोणत्या लगामावर, ते मला कळू शकले नाही.

त्यानंतर मी निर्णय देणे सोडले. लोक अजूनही विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, ज्याच्या हातात दोर आहे त्याला आधी विचारा.

चाळीस दिवस झाल्यावर मी औशाला गेलो. मामूंच्या पत्नीला आम्ही मुमानी म्हणत असू. किल्ल्याच्या बाजूला दोन खोल्यांचे घर. मी दारात उभा राहिलो, तर त्यांनी आतूनच ओळखले. "या गुरुजी. बसा. चा ठेवते." स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग त्या बाहेर येऊन पदर सारखा करून समोर बसल्या आणि मी काही बोलण्याआधी म्हणाल्या, "एक इचारू? तुमी तिथं व्हता."

"विचारा."

"पोरांनी फोनवर दाखवलं. शेजारचे म्हणून राहिले, मामू चुकले. चाळीस साल मी त्यांच्या हातात दोर बघितला. घरातली बादली बी कधी दोर गुंडाळून वढली न्हाई त्यांनी. मंग त्या दिवशी कसं काय इसरले?"

मी म्हणालो, "विसरले नाहीत, मुमानी. दोर सुटत होता. त्यांना बाजूला होता आले असते. त्यांनी वळून पाहिले, पुढे बायका होत्या, लेकरे होती. मग मुद्दाम गुंडाळला. मी पाहिले."

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "हाव. मंग बराबर हाय." चेहऱ्यावर जे आले त्याला समाधान म्हणण्याचे धैर्य मला नाही, पण चाळीस दिवसांची एक गाठ सुटली, हे दिसले. मला तेथेच थांबता आले असते. मी जे आणले होते त्यातले अर्धे दिले होते, आणि तेवढ्याने त्या मला दुवा देत होत्या.

मी उरलेले सांगितले. कातड्याचा निर्णय, नवार, अप्पांचा प्रश्न, मामूंची नजर, माझी पुढची ओळ.

त्यांनी मध्ये एकदाच विचारले, "तुमी तवा न्हाई म्हणला असता तर?"

"पट्टा राहिला असता."

"आन् ते?"

"तेही."

मुमानी उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्ह बंद केल्याचा आवाज मी ऐकला. चहा आला नाही. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. भिंतीवर घड्याळ होते. तीन वाजायला अजून अवकाश होता. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, नेहमीसारखाच अदबीचा.

"गुरुजी, लातूरची गाडी चारला हाय."

मी उठलो.